मशीन बरोबर हाय

नांदेडच्या कॉलेजात मी बीएस्सीच्या पोरांना फिजिक्स शिकवत होतो तेव्हाचं सांगतो. कॉलेजनं नवीन क्लिकर घेतले होते. प्रत्येकाच्या हातात रिमोटसारखं एकेक यंत्र. उत्तराचं बटण दाबलं की कुणाचंही नाव न येता पडद्यावर नुसते आकडे दिसायचे.

तास संपताना मी रोजच्यासारखं विचारलं, "समजलं का?"

"हाव सर!" सगळा वर्ग म्हणाला.

म्हटलं, आता हेच बटणावर सांगा. पडद्यावर आलं, 'हो' चार, 'नाही' अठ्ठावन्न.

मी हसलो. "मशीन बिघडलं वाटतं. पुन्हा दाबा."

या वेळी 'हो' तीनच आले.

पहिल्या बाकावरची हदगावची सुनीता उभी राहिली. "सर, मशीन बरोबर हाय."

"मग इतके दिवस हाव कशाला म्हणत होता?"

"तुम्ही लई जीव तोडून शिकवून राहिलात सर. न्हाई म्हणायला जिवावर यायचं."

खडू ठेवून मी खुर्चीत बसलो. तिला विचारलं, "बरं, कुठवर समजलंय ते तरी दाखव."

तिनं वही उघडली आणि मागं मागं पानं उलटत गेली. शेवटी पहिल्या पानावर थांबून वही माझ्यापुढं धरली.

"इथवर, सर."

पानावर विषयाचं आणि माझं नाव, एवढंच होतं.

मी उठलो, फळा पुसला आणि दुसऱ्या पानापासून शिकवायला लागलो.