माकडाच्या नावावर

माझा जन्म बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीतला. आमचे कोणी पूर्वज कोकणातून आले म्हणतात, पण कोकण मी बघितलेलं नाही, आम्ही बनारसचेच. अण्णा, म्हणजे माझे वडील, महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची धर्मकर्मं करायचे. सुईण म्हणाली मुलगी झाली, म्हणून नाव ठेवलं सुमती. मला अंघोळ घालताना आईला कळलं होतं की काहीतरी निराळं आहे, पण ती कुणाला बोलली नाही, मला दुसऱ्या कुणाच्या हाती अंघोळीला दिलं नाही कधी, बस.

चौदाव्या वर्षी पाळी यायची तर माझा आवाज फुटला. मिसरूड आली, खांदे भरले. आणि लहानपणापासून मनात मी मुलगाच होतो, ते आता तोंडावाटे निघायला लागलं. बाहेर अडचण नव्हती, आमच्या बनारसी बोलीत बाया काय न् पुरुष काय, सगळेच हम आए, हम गए म्हणतात. पण घरात मराठी, आणि मराठीत आलो म्हणायचं की आले, हे ठरवल्याशिवाय घरात पाऊल टाकल्याचंसुद्धा सांगता येत नाही. एकदा मी म्हटलं, अण्णा, मी आलो. ते संध्येला बसले होते, तसेच उठले आणि पाण्याचा तांब्या तोंडावर मारला. हा दात बघा, अर्धा आहे ना, तो तेव्हाचा. म्हणाले, म्हण आले. मी म्हटलं आलो. परत मारलं. म्हण आले. चौथ्या खेपेला म्हटलं आले, आणि मग घरात बोलणंच सोडलं.

विसाव्या वर्षी लग्न लावून दिलं, गंगेपलीकडे मुगलसराईला, रेल्वेतला बिजवर. नवरा वाईट नव्हता हो, घाबरला, आईला सांगून मोकळा झाला. चौथ्या दिवशी सकाळी सासूनं स्वयंपाकघराची कडी लावली, दोन नणंदांनी हात-पाय धरले, लुगडं फेडलं आणि सासूनं बघितलं. किंचाळली नाही, काय सांगू तुम्हाला, हसली. मग चुलीतला चिमटा काढून मांडीवर डाग दिला, म्हणे आता दुसऱ्या कुणाला फसवशील कशी. एक्का गाडीत घालून आमच्या गल्लीच्या तोंडाशी आणून टाकलं.

माझा थोरला भाऊ, त्याला मी दादा म्हणायचो, तो आला. त्याच्या पदरी दोन मुली, त्यांची लग्नं व्हायची होती. म्हणाला, चल, गंगेत बुडी मार, मग घरात घेतो. भर दुपार, ऊन असं की घाटावर कुत्रंसुद्धा नव्हतं. कमरेइतक्या पाण्यात त्यानं माझं डोकं दाबलं, एक बुडी झाली, दुसरी झाली, तिसरीला वर काढलंच नाही. गुडघा पाठीत रोवला. हाताला पायरीचा एक सुटा दगड लागला, तो मी मागे मारला. पकड सुटली. तेव्हा थांबायला हवं होतं. मी वळलो आणि परत मारला. पहिला जिवासाठी होता, दुसरा रागाचा, आणि त्या दुसऱ्यानं दादाचा डावा डोळा गेला.

मी पोहत सुटलो. रामधनी मल्लाहनं मला ओढून नावेत घेतलं. पलीकडच्या वाळूवर तो नावा दुरुस्त करायचा. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, हाथ चलता है? मी म्हटलं, चलता है. केस कापले, धोतर नेसलो, सुमेर झालो. फळ्या ठोकायच्या, भेगांत दोर भरायचा, वरून गरम डांबर. किन्नर लोक आले होते एकदा, आमच्यात ये म्हणाले, मायेनंच म्हणाले, पण त्यांना साडी हवी होती आणि मी तर साडीतून पळालेला. धोतरातही मार चुकला नाही. जत्रेत चौघांनी धरून धोतर ओढलं, दोन बरगड्या मोडल्या, लोक गोल करून बघत होते. रामधनी वल्हं घेऊन धावला म्हणून आज बोलतोय.

दहाबारा वर्षांनी आई आली. विधवेच्या पांढऱ्या लुगड्यात, एकटी, कुठून पत्ता काढला कोण जाणे. उलट्या नावेच्या सावलीत बसली. म्हणाली, दादा सगळ्यांना सांगतो, माकडानं डोळा काढला. पोलिसातसुद्धा तेच सांगितलं. तुझं नाव घेत नाही. लाजेनं की मायेनं, मी विचारलं. ती म्हणाली, मला नाही कळत. मग म्हणाली, मी वरच्या पायरीवर होते त्या दिवशी, सगळं बघितलं.

मी म्हटलं, आई, मग ओरडली का नाहीस?

ती म्हणाली, ओरडले असते तर लोक धावून आले असते, आणि ओल्या लुगड्यात तुला सगळ्यांनी बघितलं असतं.

मी नाव वल्हवत तिला घाटावर सोडलं. ती परत आली नाही, वर्षाच्या आत गेली.

आता माझी सत्तरी उलटली. रामधनी गेला, त्याची नाव आता माझी, त्याच्या नाती मला बाबा म्हणतात, गरम गरम पोळी वाढतात. दादा अजून आहे म्हणतात, छत्रीखाली बसून यात्रेकरूंना संकल्प सांगतो. त्या दुसऱ्या दगडाचं पाप माझं, ते मी कुणावर ढकलत नाही. देव त्याचा राहिलेला डोळा शाबूत ठेवो, मुलींचे संसार सुखाचे होवोत, तुमचंही कल्याण होवो. पण माझ्या नावेत त्यानं पाय ठेवायचा नाही.