पाचवा बंद

मंडळी, बसा. मागच्या बायांनी थोडं पुढं सरका, इथं सावली आहे. आज सगळं गाव आलंय, डोंगरकड्याहूनही माणसं आली आहेत. आक्काला एवढी गर्दी आवडली नसती. म्हणाली असती, "कामंधंदे न्हाईत का यांना?"

मी जन्मभर शाळेत बोललो. पोरं झोपली तरी बोलत राहिलो. आज आक्कासाठी बोलायला उभा आहे. सरूआक्काचं तेरावं काल झालं आणि अजून मला पाराकडून जाताना तिच्या शिलाई मशीनचा आवाज ऐकू येतो. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलंच बोलायची रीत आहे. मी आज आक्काबद्दल चांगलं बोलणार आहे आणि माझ्याबद्दल थोडं वाईट. ऐकून घ्या.

समोर हा चांदवा पसरून ठेवलाय. नव्या सुनांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. आपल्या गावात नवरी बोहल्याकडं निघाली की तिच्या डोक्यावर हा धरतात. पाटलाची लेक असो की सालगड्याची, चांदवा एकच. आक्कानं तो शिवायला घेतला तेव्हा घरोघरच्या बायांनी आपापल्या लग्नातल्या लुगड्याचा एकेक तुकडा दिला. कुणी भरजरी दिला, कुणी साधा सुती. आक्कानं ते शेजारी शेजारी जोडले, कडेनं लाल पट्टी लावली. अस्तराचं कापड आणायला मी तिच्यासोबत वसमतला गेलो होतो. दुकानदारानं थानावर थान उलगडलं, हिला एक पटेना. आमची शेवटची एस.टी. चुकता चुकता राहिली.

तेव्हा आक्का तिशीचीही नव्हती. नवरा लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी गेलेला, लेकरू नाही. पाराशेजारच्या ओसरीत मशीन घेऊन बसली ती बसलीच. इथल्या निम्म्या लोकांचं पहिलं झबलं तिच्या हातचं आहे.

चांदव्याला चार कोपरे. हातात धरायला चार कापडी बंद. आणि ते धरायचे चार सवाष्णींनी, ही आपली रीत. म्हणजे काय झालं? जिनं चांदवा शिवला, तिनं तो कधीच धरला नाही. लग्नाच्या सकाळी ती नीट घडी करून आणून द्यायची आणि मागं जाऊन चुलीपाशी बसायची. आपण सगळ्यांनी ते पाहिलं. आपल्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता नीट बघा. या लांब बाजूच्या मधोमध एक पाचवा बंद आहे. बाकीचे लाल, हा हिरवा. आम्ही सगळे तिला चिडवायचो. मी तर म्हणायचो, आक्का, तू माझ्या वर्गात असतीस तर तुला गणितात नापास केलं असतं. ती दात काढून हसायची. म्हणायची, असू द्या गुरुजी, कामी येईल.

माझी थोरली वैशाली आक्काच्या मशीनखाली चिंध्या गोळा करत वाढली. स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशी म्हणाली, बाबा, एक कोपरा आक्का धरेल. मी नाही म्हणालो. मंडळी, पंधरा ऑगस्टला समतेवर भाषण करणारा हा माणूस नाही म्हणाला. पाहुणे काय म्हणतील याची मला भीती वाटली. वर आक्काला निरोप धाडला, तो हिरवा बंद कापून टाक, फोटोत वाईट दिसतो. आक्कानं तो कापला नाही. आत दुमडून दोन टाके घातले. लग्न झाल्यावर टाके उसवले आणि बंद पुन्हा बाहेर काढला. 

वैशाली आता स्कॉटलंडला असते. एकदा मी आक्काच्या ओसरीत बसलो असताना तिनं तिथून आक्काला फोनवर सांगितलं, की तिकडं जुन्या काळी राणी शहरात आली की मानकरी तिच्या डोक्यावर काठ्यांवर कापड धरून चालायचे. आक्कानं विचारलं, धरणारे गडी का बाया? गडीच, वैशाली म्हणाली. "मंग तिथंबी तेच," आक्का म्हणाली. पुढं वैशालीनं सांगितलं, की तिथल्या गावात मयतावर घालायचंही एक कापड असायचं. गावाचं सामाईक. आज या घरी, उद्या त्या घरी. ते ऐकून आक्कानं फोन खाली ठेवला. मग माझ्याकडं वळली.

"मेल्यावर एका कापडाखाली सगळे चालतेत. जितेपणी काहून न्हाई, गुरुजी?"

मी चहा पीत होतो. चहाच पीत राहिलो.

शेवटी ती अंथरुणाला खिळली तेव्हा रोज जाऊन बसायचो. एक दिवस धीर करून विचारलं, आक्का, तो पाचवा बंद खरंच मोजताना चुकून लागला का?

ती म्हणाली, "न्हाई वो. माझ्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा हाय त्यो. पहिल्याच दिवशी लावला. म्हणलं, मी न्हाई तर माझ्यासारखं कुणीतरी धरंल."

एवढी वर्षं, मंडळी. आम्ही चूक म्हणून हसत होतो आणि ती जागा राखून बसली होती. मला लाज वाटली. अजून वाटते.

पुढच्या महिन्यात पार्वतीबाईंच्या लेकीचं लग्न आहे. पार्वतीबाईंचे मालक जाऊन चार वर्षं झाली. म्हणजे रीतीनं त्यांनी लेकीच्या लग्नात चुलीपाशी बसायचं. परवा मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, चारी कोपरे सवाष्णींना राहू द्या, कुणाचा मान जात नाही. पाचवा बंद तुम्ही धरा. त्या रडल्या, आणि म्हणाल्या, गावाला चालंल का? नवरी आतून म्हणाली, मला चालते. मुलाकडच्यांना मी फोन केला. सासरेबुवा म्हणाले, आमच्या आईलाबी धरू द्या मग. आता बंद एक आणि हात दोघींचे. आक्का असती तर सहावा लावला असता.

पण उत्तर गावानं द्यायचं आहे, मी एकट्यानं नाही. म्हणून माझी विनंती आहे. आज दोन मिनिटं उभं राहताना हात जोडू नका. ज्याचा हात पोचेल त्यानं या चांदव्याची कड धरा. सवाष्णींनी धरा, गड्यांनी धरा. ज्यांना आजवर आपण मागं बसवलं, त्यांनी आधी धरा. ज्याला पटत नसेल त्यानं नुसतं उभं राहावं, माझा राग नाही.

पार्वतीबाई, तुम्ही इकडं या. हा हिरवा बंद हातात घ्या. घट्ट धरा, शिलाई पक्की आहे.

आक्का, बघ, तुझं गणित बराबर होतं. नापास मी झालो.

आता सगळे उभे राहा, आणि हा वर उचला.