त्रेसष्ट कुणाचा

ताई : हसू नकोस. शर्यतीचे नंबर देणाऱ्या बाईंनी मला तोंडावर सांगितलं, त्रेसष्ट रिकामा नाही, तुमच्या भावाने याही मोसमासाठी घेतलाय. मागे सगळी रांग उभी. मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली.

धाकटा : अगं, सांगणारच होतो तुला. सकाळपासून टायरच्या मागे लागलोय, सवडच मिळाली नाही.

ताई : खांदा मोडून मी हॉस्पिटलात पडले होते, तेव्हा तूच म्हणालास ना? "वर्षभर कुणी वापरला नाही तर नंबर दुसऱ्याला जातो, ताई. तू बरी होईपर्यंत मी माझ्या गाडीवर लावतो."

धाकटा : मग सांभाळलाच ना? नाहीतर कुणीही उचलला असता.

ताई : आता मी बरी झाले. दे.

धाकटा : एवढं सोपं नाहीये गं ते. टी-शर्ट छापलेत, टोप्या छापल्यात. लोक मला नावाने नाही, त्रेसष्ट म्हणून हाक मारतात. तू घे ना दुसरा एखादा. आपण काय पोटासाठी धावतो? सुट्टीच्या दिवसाची हौस. दातांच्या डॉक्टरने बत्तीस घेतलाय. गणिताच्या बाईंनी पस्तीस, का तर म्हणे काठावर पास झालं तरी पुरे. त्यात एवढं काय?

ताई : डॉक्टरने आपल्या पेशातला घेतला, बाईंनी आपल्या. दुसऱ्याच्या दारातून उचलून नाही आणला कुणी.

धाकटा : बाबांच्या बसचा नंबर होता तो. बाबा काय एकट्या तुझे आहेत?

ताई : नाहीत. म्हणूनच तेव्हा लगेच हो म्हटलं. नुसता नंबर असता तर कदाचित आजही सोडला असता. पण मघाशी स्पीकरवर काय चाललं होतं?

धाकटा : काय चाललं होतं?

ताई : "त्रेसष्ट नंबरमागची हृदयस्पर्शी कहाणी." शाळेची बस, ड्रायव्हर बाप, शेजारी इंजिनच्या झाकणावर बसलेलं त्याचं पोर. उतारावर ब्रेक गेले. बाप ओरडला, "घट्ट धर!" आणि पोर न रडता मोठ्याने गिअर मोजत राहिलं, तिसरा, दुसरा, पहिला. बस भिंतीला घासत थांबली, सगळी मुलं सुखरूप. टाळ्या. कोण होतं रे ते पोर?

धाकटा : तो निवेदक जरा फुगवून सांगतो...

ताई : त्याला कुणी सांगितलं?

धाकटा : ताई...

ताई : मी सात वर्षांची होते. त्या तापलेल्या झाकणाचा डाग अजून आहे माझ्या पायावर. तू दीड वर्षाचा होतास. गिअर सोड, तुला खुळखुळा नीट धरता येत नव्हता.

धाकटा : पहिल्यांदा मी "आम्ही" म्हटलं होतं, शपथ! आम्ही त्या बसमधून जायचो. एकाने विचारलं, म्हणजे तूसुद्धा होतास? माझ्या तोंडून हो गेलं. पुढच्या शर्यतीला त्यांनी तेच वाचलं. आता मध्येच कुठल्या तोंडाने सांगू, की मी नव्हतो तिथे?

ताई : नंतर तरी कुठे होतास? सहावीत गेल्यापासून शाळेच्या अलीकडच्या कोपऱ्यावर उतरायचास. ड्रायव्हर आपला बाप आहे हे पोरांना कळू नये म्हणून.

धाकटा : हळू बोल. बाबा येतायत.

(बाबा चहाचे तीन कप कसेबसे सांभाळत येतात.)

बाबा : धरा पटकन, बोटं भाजली माझी. स्पीकर ऐकलास का गं? काय सांगतो तो माणूस! शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी उठून नमस्कार केला मला.

ताई : बाबा, त्या दिवशी झाकणावर कोण बसलं होतं?

बाबा : कुठल्या दिवशी?

ताई : बाबा.

धाकटा : जाऊ दे ना, ताई.

ताई : तू गप्प बस. बाबा, वय झालं, आठवत नाही, एवढं जरी म्हणालात तरी मी ऐकून घेईन.

बाबा : विसरेन कसा? तू होतीस. घरी आल्यावर पायाला मलम मीच लावलं तुझ्या.

ताई : आणि दोन मोसम इथे बसून ऐकताय. एकदाही बोलला नाहीत?

बाबा : पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, चुकून बोलला असेल. दुसऱ्यांदा... पोरी, हा कोपऱ्यावर उतरायचा ना, तेव्हा मी आरशात बघत राहायचो. एकदासुद्धा मान वळवायचा नाही. आणि आता हाच पोरगा एवढ्या माणसांसमोर माईकवर सांगायला लावतो, मी बाबांच्या शेजारी बसायचो. बरं वाटलं गं. खोटं होतं, तरी बरं वाटलं.

धाकटा : बाबा, कोपऱ्यावर का उतरायचो, ते ठाऊक होतं तुम्हाला?

बाबा : ड्रायव्हर होतो मी. मागचं सगळं दिसायचं.

ताई : आणि मी?

बाबा : तुझं काय, तू तर होतीसच. तुला वाईट वाटेल असं मनातच आलं नाही. तू समजूतदार आहेस.

ताई : म्हणजे मी खरोखरच होते, म्हणून माझं नाव गाळलं तरी चालतं.

बाबा : तसं नाही गं.

ताई : तसंच आहे, बाबा.

धाकटा : ऐक, मी आत्ता जातो. नंबर सोडतो आणि माईकवर खरं काय तेही सांगतो.

ताई : आणि ज्या बाईंनी नमस्कार केला, त्यांच्यादेखत बाबांनी मान खाली घालून बसायचं? नको. ठेव तुझ्याकडे. कहाणीसकट ठेव.

बाबा : मग तू धावणार नाहीस?

ताई : का नाही? ती काळी चिकटपट्टी द्या इकडे.

धाकटा : कुठला घेतलास?

ताई : अकरा. बाईंनी तीन-चार रिकामे सांगितले, त्यातला.

बाबा : अकराच का?

ताई : दोन उभ्या पट्ट्या. एका हाताने लावता येतात.

धाकटा : थांब, वरचं टोक मी धरतो. तुझा खांदा अजून...

ताई : हात लावू नकोस माझ्या गाडीला.

बाबा : चहा तरी घे, पोरी. गार होतोय. बरं, राहू दे. मी कुठे उभा राहू, तेवढं सांग.

ताई : त्या वळणावर, झाडाखाली. ऊन लागणार नाही तुम्हाला. त्रेसष्ट तिथून छान दिसते.