पोकळ वाजणारा कोपरा

हसायचं असेल तर हसा, पण आमच्या ऑफिसात कुणाला सांगू नका. मोडनिंबजवळ आमचं काँक्रीटच्या रस्त्याचं काम चालू होतं. रस्त्याच्या एकेका चौकोनी स्लॅबवर ताण किती येईल, ती वाकेल किती, हे सगळं गणित माझं. ताज्या काँक्रीटवर पाणी मारायला सखूमावशी होत्या. एका सकाळी म्हणाल्या, "सायेब, बादली टेकवली की ह्यो कोपरा पोकळ वाजतोय. दुपारी न्हाय वाजत."

मी लॅपटॉपवर बोट ठेवून म्हटलं, "मावशी, हिशोब केलाय मी."

रस्ता खुला झाला आणि त्याच आठवड्यात, सकाळीच, उसाच्या ट्रॉलीखाली तो कोपरा तुटला. गणित उघडून बघतो तर काय, सोलापूरचं ऊन म्हणून मी फक्त दुपारच धरलेली! पहाटे स्लॅब वरून गार पडते, कोपरा उचलला जातो, खाली पोकळी राहते, हे धरलंच नव्हतं.

मोठ्या साहेबांनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "पाणी कमी पडलं, सर." मावशी शेजारीच उभ्या होत्या.

आता पुढच्या टप्प्याच्या कामावर रोज भेटल्या की सांगतात, "सायेब, परत्येक कोपऱ्यावर दोन बादल्या जास्तच मारती बगा. माझ्यापायी तुमाला परत बोलणी बसाय नगोत."