कपडे अजून सुकायचेत

नाय नाय, तूच जा पुढं, माझी कसली घाई – नीला, ए नीला, ह्या मुलीला सोड गं आधी, तान्हं बाळ हाय तिचं, माझा नंबर राहू दे. – काय? आत पेशंट हाय अजून? बरं, मग तो निघाला की हिला. बस तू, इकडं सरक माझ्याजवळ. नाव काय तुझं? सोनल. आणि हा मुलगा की मुलगी, नुसतं नाक दिसतंय – अगं, ताप आलाय ना त्याला? मग टोपी कशाला, स्वेटर कशाला? काढ. काढ म्हणते ना. मी पण माझ्या धनेशला अशीच बांधून ठेवायची, अंग तापलं की गोधडीवर गोधडी. तेव्हा ह्या चित्रा डॉक्टरचे वडील बसायचे इथं, ते असे ओरडले मला – बाई, पोर हाय का मोदक, वाफवताय कशाला! पातळ झबलं बास. अंगावर पितो ना? मग पाजत राहा थोडं थोडं. रडतो हाय ना दणकून, रडू दे. गप्प पडून राहिला असता तर मीच तुला हाताला धरून आत ढकलली असती.

ती होय, ती माझी नात. समृद्धी. दारात लंगडी घालते ना, ती. दुसरीत हाय. – झालंय ना, म्हणून तर आणलीय, पोट दुखतं तिचं. हसू नको, खरंच दुखतं. आता नाय दुखत म्हणून खेळते. बेंबीपाशी दुखतं, बोट बरोबर बेंबीवर ठेवते. जंताचं औषध झालं, हिंग लावला, ओव्याचा शेक दिला, मीठ-मिरच्या उतरून झाल्या – माझं माहेर कोपरीचं, मिठागरातलं, आमच्यात मिठाशिवाय पान हलत नाय, पोटात दुखलं मीठ, दृष्ट लागली मीठ, जुलाब झाले तरी मीठ-साखरेचं पाणी. पण हे दुखणं मिठाला ऐकत नाय. लघवी तपासली, काय नाय. रात्री दुखून उठते का? नाय उठत, माझ्या पोटावर पाय टाकून सकाळपर्यंत घोरते. जेवते? तांदळाची भाकरी आणि सुका जवळा दिला तर बोटं चाटते. डॉक्टर बोलली, आजी, आत काय बिघाड दिसत नाय मला, पण पोर खोटं बोलत नाय हां, तिला दुखतंच. मला ते पटलं. खोटं बोलणारं पोर नाय ते.

माझ्याकडं नाय राहत गं, कुठं राहते! शीळफाट्याकडं ते टॉवर झालेत ना, तिथं बाविसाव्या माळ्यावर राहतात. धनेश आणि भावना – माझी सून – दोघांची कामं महापेला, इथनं रोजचा तो ट्रॅफिक, म्हणून गेले. भांडण-बिंडण काय नाय. लोकांना वाटतं भांडण झालं. भावना चांगली हाय, मला कधी उलटून बोलली नाय. बोलायला समोर तर यायला पाहिजे. शाळा सुटली की पोरगी तिथंच खाली पाळणाघरात, आईबाप येईपर्यंत. आता त्या पाळणाघराचा नियम काय, माहितीय? आजारी पोर घेत नाहीत. बरोबर हाय त्यांचं, एकाचं दुसऱ्याला लागतं. नाकाला शेंबूड दिसला की फोन, घेऊन जा. मग आईबाप सुट्टी कुठनं काढणार, मग आजी आठवते. गाडी दारात, पिशवी हातात, आई हिला बघ जरा, आणि गेला. गाडीचं इंजिन पण बंद करत नाय.

मी दरवाजात उभी असते, बघ. ताप आला – आजी. कान फुटला – आजी. तोंड आलं, हातापायाला पुरळ उठलं – आजी. डोळे आले, ते मला पण आले, दोघी काळे गॉगल लावून गच्चीत बसलेलो, किती हसलो! कांजिण्यांत तर दिवसच्या दिवस होती. कडुनिंबाचा पाला अंथरला, खाजवू नको म्हणून तिचे दोन्ही हात धरून बसायची आणि मिठागरातल्या भुताची गोष्ट सांगायची. बोलते पण माझ्यासारखी, आमच्या घरच्या बोलीत, ‘मना नको’, ‘मना दे’. भावनाला नाय आवडत, बोलते, आई, शाळेत हसतात हो तिला. मग मी पण तिच्याशी शुद्ध बोलायला लागले. येत नाय मला नीट.

आणि बरी झाली की गेली. सकाळी ताप उतरला, संध्याकाळी गाडी. शनिवार-रविवार आणतो बोलतात, मग तिचं स्केटिंग असतं, कोणाचा तरी बर्थडे असतो. मी जाऊ? गेलेली एकदा. गेटवर वॉचमननी फोटो काढला माझा, वर फोन करून विचारलं, पाठवू का. पाठवलं. सोफ्यावर बसले, चहा प्याले, पोरगी क्लासला गेलेली. परत आले. आमची बिल्डिंग हाय चार माळ्यांची, आमच्याच भाताच्या शेतावर बांधलेली, पण हे गेल्यापासनं – म्हणजे आमचे, राघोशेठ – माझी बेल कोण वाजवतं सांग? कुरियरवाला. ते पण बाजूचे घरात नसले की. हिचं आजारपण आलं की घरात आवाज होतो, बाय. खोकल्याचा का होईना.

अगं बाई, हे काय बोलून गेले मी. तसं नाय. कुठली आजी बोलेल पोर आजारी पडू दे म्हणून? मी देवाजवळ असं कधी मागितलं नाय. पण फोन वाजला आणि धनेश बोलला, आई, हिला परत कणकण आलीय, की मी आधी पेजेचे तांदूळ धुवायला घेते आणि मग मला वाईट वाटतं. आधी तांदूळ, मग वाईट. डॉक्टर मागं बोलली, आता मोठी होते, ताकद आली अंगात, सारखी आजारी नाय पडणार. मी बोलले, बरं झालं. घरी आले आणि पेजेचे तांदूळ परत डब्यात ओतले.

तेव्हापासनं हे पोट सुरू झालं.

सोमवारी सकाळी दुखतं. शाळेचा ड्रेस घातला की दुखतं, वाकडी होते, भावना घाबरते, धनेश गाडी काढतो. आणि माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवला की – थांबतं. थांबतं गं. चप्पल काढेपर्यंत थांबलेलं असतं. हे मी कोणाला बोलले नाय. डॉक्टरनी विचारलं, कधी दुखतं, कधी राहतं, मी बोलले, काय नेम नाय. संध्याकाळी धनेशचा फोन आला की मीच सांगायची, अजून दुखतंय रे, राहू दे अजून. तो तिला राहू द्यायचा. मी शिकवलं नाय हां तिला, आईशप्पथ नाय शिकवलं. पण शिकवायला कशाला पाहिजे? आजीकडं जायचं तर आजारी पडायचं, हा रस्ता आपणच दाखवला ना पोरीला? मोठ्यांनीच दाखवला. तिचं पोट बिचारं शिकलं.

थांब, फोन. – हां धनेश. नाय रे, नंबर नाय आला अजून, गर्दी किती हाय... निघालास? आत्ताच कशाला निघालास... अरे, तिचे कपडे पण ओले हायत, दोरीवर तसेच हायत, कसे सुकणार, हवाच दमट हाय. उद्या ये ना... बरं. बरं, ये. – आता मला सांग, कपड्यांसाठी कोण –

बघितलंस?

बघितलंस ना तू? लंगडी थांबली. मी ‘निघालास’ बोलले आणि तिचा पाय खाली आला. तोंड बघ तिचं, रंग उतरला पार. ये बाय, ये माझ्याकडं. दुखतं? कुठं, इथं? हो, हो, दुखतं माझ्या पोरीला. हात किती गार पडलेत हिचे, लावून बघ, सोनल. हे नाटक हाय का? नाटकात हात गार नाय पडत.

आणि उद्या हिच्या घशातनं नळी घालणार हायत. हो ना, तेच सांगायचं राहिलं. भावना रात्रंदिवस मोबाईलवर वाचते, काय काय भयंकर वाचते, रडते. तिचं तरी काय चुकतं, मी सांगत गेले दुखतंय दुखतंय, तिला वाटलं आत मोठं काय तरी हाय. ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नंबर लावलाय. भूल देऊन, नळी घालून आत बघणार. चित्रा डॉक्टरनी आज परत तपासून सांगायचं, करायचं की नाय. म्हणून तर मी इथं... तू चौथी. तुझ्या आधी तिघांना सोडलंय मी पुढं. त्या खाकी शर्टवाल्याला नुसती सर्दी होती, त्याला पण सोडला. दवाखाना बंद होईल, आजचं उद्यावर जाईल, एक रात्र अजून मिळेल – अशी ही आजी. मीठ उतरवते म्हणे दृष्टीचं.

सांगितलं तर काय होईल, तेच तर. नळी टळेल. पण धनेश बोलेल, म्हणजे आईकडंच पाठवायला नको. भावना बोलेल, आई, तुम्हाला माहिती होतं? पुढं ताप आला तर दुसरी बाई ठेवतील, मिळतात आता पैसे टाकले की. मला फोटो पाठवतील कांजिण्यांचे.

काय बोललीस? बरी असताना आणा म्हणून सांगा? ... एवढं सोपं हाय का ते? तू परक्याची पोर, तुला सोपं वाटतं. एवढी वर्षं मी एकदा पण नाय बोलले बघ. आजारी हाय तर पाठव, हे बोलले. बरी हाय, नुसती भेटायला आण, मला करमत नाय – हे नाय बोलले. आईनं कसं बोलायचं ते?

निघाला तो पेशंट. नीला, थांब. हिला नको, मीच जाते आता, समृद्धीचं नाव सांग आत. – राग नको मानू, सोनल, तुला सोडते बोलले आणि... पटकन येते, काय जास्त सांगायचं नाय मला, दोन वाक्यं हायत. टोपी परत घालतेस? काढ ती! चल बाय, दुखतं ना, चल, आजी सांगते डॉक्टरला. नळी-बिळी काय नाय. हो, मी हाय ना बरोबर. आत्ता हाय.

हा फोन धर जरा, आत वाजला की डॉक्टर चिडते. धनेश असेल, उचल तू. त्याला सांग, सरळ दवाखान्यावर ये. आणि सांग, आई बोलली, कपडे सुकलेत. सकाळीच सुकलेत.