दवाखान्याच्या बाकानंतर

शैला : हळू बोला डॉक्टर, सासरे ओट्यावरच बसलेत. गड्यांशी बोलतात, म्हशीशी बोलतात. होळीला तुमच्या धुळ्याच्या दवाखान्यात त्यांचं हृदय बंद पडलं, तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही. मी समोर गेले की मान फिरवतात.

डॉक्टर : आधी बोलायचे?

शैला : "शैला, चहा टाक" म्हणाले की निम्म्या असोद्याला ऐकू जायचं. तुम्हीच म्हणालात ना, हृदय बंद पडलं की मेंदूला रक्त पोचत नाही, मग काहींना घरची माणसंही ओळखू येत नाहीत?

डॉक्टर : काहींना. म्हणून तर धुळ्याहून घरोघर हिंडतोय. माणूस वाचला, एवढं लिहून आमचं संशोधन संपत नाही. पुढं तो कसा जगतो, ते पाहायचंय.

शैला : मग नीट पाहा. सोमवारपासून मला शाळेत रुजू व्हायचंय. ह्या कडेवरच्या बाळाला त्यांच्याजवळ ठेवू की नको, तेवढं सांगा.

डॉक्टर : चला. ...आबा, ही कोण?

आबा : कोन म्हंजे? माही सून. शैला. एरंडोलच्या मास्तरची पोरगी. डॉक्टर, तुमचं डोकं ठिकान्यावर हाये ना?

डॉक्टर : मग तिच्याशी बोलत का नाही?

आबा : तिले आत जाऊ द्या, मंग सांगतो.

शैला : मी इथंच थांबते, आबा.

आबा : ...त्या दिवशी दवाखान्यात बाकावरून पडलो मी. पोरगा केसपेपर काढाले गेला व्हता. हिनं माह्या छातीवर दोन्ही हात ठिवले म्हने. डोक्यावरचा पदर गेला, बठ्ठे लोकं पाहत व्हते. आमच्यात सासऱ्याले सुनेचा हात लागत नही, डॉक्टर. कोन्या तोंडानं पाहू हिच्याकडे?

शैला : कॉलेजात एनसीसीत छाती दाबायला शिकवलं होतं. दुसरं काही सुचलंच नाही.

डॉक्टर : हृदयाला झटका देणारं आमचं यंत्र येईपर्यंत त्या हातांनीच तुम्हाला धरून ठेवलं, आबा.

आबा : ते काय मले समजत नही? म्हनून तर जास्त लाज वाटते.

शैला : मला वाटलं, तुम्ही मला विसरलात.

आबा : विसरीन कसा? बरगडी मोडली तू. खोकलो की तुहीच आठवन येते.

डॉक्टर : स्मरणशक्ती शाबूत. लिहून घेतो.

शैला : हसू नका डॉक्टर. मला रडायला येतंय.

आबा : शैला.

शैला : काय, आबा?

आबा : चहा टाक. आन पोराले माह्याकडे दे. तुले दोन्ही हात मोकये पायजेत.