आई म्हणाली, गेम खेळ

आपल्याच आईवर संशय घ्यायची वेळ कुणावर येऊ नये, पण माझ्यावर आली.

बंगळुरूला एचएसआर लेआउटमधल्या माझ्या फ्लॅटवर आई नागपूरहून राहायला आली आणि त्याच आठवड्यात माझ्या पीसीचं डोकं फिरलं. गेम सुरू केला की अर्ध्या तासात स्क्रीनभर हिरवे-जांभळे चौकोन! ग्राफिक्स कार्ड नव्वद डिग्रीपर्यंत तापलेलं. कार्ड सेकंडहँड, म्हणून पहिला संशय विकणाऱ्यावर. फोन केला, तर म्हणतो, "स्वल्प धूल होगा सर, साफ करो." साफ केलं, नवी थर्मल पेस्टही लावली. तरी चौकोन आहेतच.

आणि परवा संध्याकाळी आई चहा घेऊन आली. मी पीसी बंद करायला लागलो, तर म्हणते, "खेळ ना अजून तासभर. घाई काय आहे?"

जन्मभर "बंद कर ते" म्हणणारी आई! इथेच माझी खात्री पटली की काहीतरी शिजतंय. मी टेबलाखाली वाकून बघितलं. कॅबिनेटच्या ज्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते, बरोबर तिच्यावर टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं.

"आई, हे काय?"

"विरजण. तुमच्या या बंगळुरूच्या थंडीत दही लागतच नाही. तू खेळलास की कसं छान लागतं."

"अगं, कार्ड जळेल माझं! किती तापलंय बघ."

आईने पातेल्यात बोट बुडवून चाखलं आणि माझ्याकडे संशयाने बघितलं.

"सेकंडहँड घेतलंस ना? तरीच रोज आंबट होतंय."